जुने रथ आणि एकटे सारथी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला, तेव्हा दोघा वडीलधाऱ्यांनी मला बाजारात अडवून विचारले, "काहो, मोटारींच्या शर्यती हा काय विषय झाला? बुलढाण्यात ना तसला रस्ता, ना तसली मोटार. आणि त्यातही म्हणे जुन्या मोटारींच्या शर्यती! मग आमच्या चिखली नाक्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांवर का बोलत नाही?" त्यांचा प्रश्न मला गैर वाटला नाही. काळ्या-पिवळ्यांचा विषय मी पुढे काढणारही आहे. पण आधी एवढेच सांगतो की, वेगाची एक फार जुनी गोष्ट आपल्या विदर्भाकडेच धावत आली आहे.

महाभारताच्या वनपर्वातील नळाचे आख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे अश्वपाल म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते. एका दिवसात कुंडिनपूर गाठायचे आहे. बाहुक तबेल्यात जातो आणि निवडून काढतो ते घोडे दिसायला हडकुळे. राजा रागावतो. 'ही मरतुकडी जनावरे विदर्भापर्यंत पोचतील काय?' असा त्याचा रोख. बाहुक म्हणतो, हेच पोचतील. तुम्हांला दुसरे हवे असतील तर सांगा, तेही जोडतो. पुढे रथ असा धावतो की राजाचे उपरणे खाली पडते, आणि ते उचलायला थांबा असे तो म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे आलेला असतो. संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो, आणि दमयंती महालात बसून केवळ चाकांच्या घरघराटावरून म्हणते की हा रथ नळच हाकतो आहे.

या कथेतील दोन गोष्टी आज आपल्याला लागणार आहेत. घोडे दिसायला हलके असले तरी हाकणारा कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते, ही पहिली. आणि सारथ्याची ओळख त्याच्या वेगाच्या जातीवरून पटते, ही दुसरी. मात्र ही ओळख पटायची तर सगळ्यांचे घोडे सारखे असावे लागतात. एकाला पंचकल्याणी आणि दुसऱ्याला तट्टू दिले, तर कोण नळ आणि कोण नुसता पैसेवाला हे दमयंतीलाही सांगता येणार नाही. जुन्या एकासनी मोटारींची शर्यतमाला हा याच पेचातून निघालेला मार्ग आहे.

आता एकासनी मोटार म्हणजे काय ते सांगतो. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती दूरचित्रवाणीवरच पाहिली असेल. तिच्या चाकांवर झाकण नसते. चारही चाके अंगाबाहेर, जणू लांब दांड्यांना लावून ठेवलेली. मधोमध एक अरुंद नावेसारखा सांगाडा, त्यात एकच माणूस जवळजवळ आडवा पडलेला, पाय पुढे पसरलेले, डोके तेवढे वर. एंजिन त्याच्या पाठीमागे. जागा नाही, सामान नाही, शेजारी नाही. चाक उघडे ठेवल्याने वजन वाचते आणि चालकाला स्वतःचे पुढचे चाक डोळ्यांनी दिसते; पण दोघांची चाके एकमेकांना लागली तर मागची मोटार उडते, असा त्यात धोकाही आहे. म्हणून या जातीच्या शर्यतीत शेजाऱ्याशी धक्काबुक्की चालत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर जी शिस्त कायद्याने येत नाही, ती तेथे चाकाच्या भीतीने येते, असे गमतीने म्हणता येईल.

पूर्वी या मोटारीतही दोघे बसत. रथी आणि सारथी अशी जोडीच म्हणा. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची जी शर्यत झाली, तीत एमिल लव्हासोर नावाचा फ्रेंच एंजिनिअर सुमारे ४८ तास ४८ मिनिटांत सर्वांच्या आधी परतला. त्या काळी वाटेत मोटार दहा वेळा बिघडणार हे गृहीतच असे. त्यामुळे मिस्त्री शेजारी हवाच. पहिल्या महायुद्धानंतर यंत्रे भरवशाची झाली, मार्ग आखीव झाले, आणि १९२५ पासून मिस्त्रीला मोठ्या शर्यतींतून उतरवण्यात आले. जागा मात्र काही वर्षे तशीच रिकामी राहिली. १९३२ साली इटलीच्या आल्फा रोमिओ कारखान्याने मधोमध एकच आसन असलेली मोटार शर्यतीत आणली, आणि सारथी खऱ्या अर्थाने एकटा झाला. आता दोष द्यायलाही शेजारी कोणी नाही!

दुसऱ्या महायुद्धानंतरची हकीकत आपल्या विषयाला अगदी लागून आहे. १३ मे १९५० या दिवशी इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन येथे जागतिक विजेतेपदाची पहिली शर्यत झाली. सिल्व्हरस्टोन म्हणजे युद्धात बांधलेला आणि युद्ध संपल्यावर ओस पडलेला विमानतळ. ती शर्यत जिंकली ज्युसेप्पे फारिना याने, आल्फा रोमिओच्या १५८ जातीच्या मोटारीत. दुसरा आणि तिसरा क्रमांकही त्याच जातीच्या मोटारींचा. आणि ही मोटार केव्हाची? ती प्रथम शर्यतीत उतरली १९३८ साली! म्हणजे जिला आज आपण जगातील सर्वांत आधुनिक यंत्रांची स्पर्धा समजतो, तिचा आरंभच बारा वर्षांच्या जुन्या मोटारीने, मोडक्या विमानतळावर केला. दोनच वर्षांनी आल्फा रोमिओने अंग काढून घेतल्यावर पुरेशा मोटारीच उरेनात, तेव्हा १९५२ आणि १९५३ ही दोन वर्षे जागतिक विजेतेपद खालच्या वर्गाच्या मोटारींवर खेळवावे लागले. जुन्याला नाक मुरडणाऱ्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत.

त्याच सुमारास इंग्लंडात चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ साली एक मोटार जुळवली. फियाटच्या छोट्या टोपोलिनो मोटारीची पुढची दोन धुडे घेतली, एक पुढे आणि एक मागे जोडले, आणि मोटारसायकलचे पाचशे घनसेंटीमीटरचे एंजिन साखळीने मागच्या चाकांना लावले. साखळी आखूड राहावी म्हणून एंजिन मागे गेले. हा सोयीचा उपाय होता. पण पुढे पंधरा-वीस वर्षांत जगातल्या सगळ्या एकासनी मोटारींचे एंजिन मागे गेले. भंगारातून निघालेल्या त्या कूपरवर स्टर्लिंग मॉससारख्या चालकाने १९४८ साली आपली कारकीर्द सुरू केली. पुढे १९६७ साली इंग्लंडातच फोर्डच्या साध्या बाजारी एंजिनावर 'फॉर्म्युला फोर्ड' निघाली. 'फॉर्म्युला' या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. सूत्र म्हणजे नियमांचा संच: एंजिन एवढे, वजन एवढे, टायर अमुक, एवढ्या चौकटीत ज्याला जे जमेल ते त्याने करावे. चौकट जितकी घट्ट, तितकी मोटार स्वस्त आणि चालकाची परीक्षा कडक.

आता आपल्या देशाकडे वळू. १९०४ साली मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी भरवली, तेथून भारतातील मोटारक्रीडेचा इतिहास धरतात. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली. पण या सर्व काळात मोटार हा संस्थानिकांचा आणि धनिकांचा शौक होता. जे. आर. डी. टाटांजवळ तरुणपणी एक बुगाटी होती. ती मुंबईच्या रस्त्यावर बेफाम चालवल्याचा ठपका आला, तेव्हा बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी या वकिलांना गाठले. त्या खटपटीत विकाजींच्या घरातील थेल्मा यांच्याशी ओळख झाली आणि १९३० साली विवाह झाला. वेगाच्या गुन्ह्याची इतकी गोड शिक्षा फारच थोड्यांच्या वाट्याला आली असेल! आशियाच्या बाजूनेही तेच चित्र होते. सिल्व्हरस्टोनच्या त्या पहिल्या शर्यतीत आशियातून एकच माणूस होता, तो सयामचा राजपुत्र बिरा.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले. विमानतळ मात्र उरले. युद्धात इंग्रजांनी देशभर धावपट्ट्या बांधल्या होत्या. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे अशीच एक ओस पट्टी होती. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमला दर वर्षी शर्यतींची जत्रा भरू लागली. कलकत्त्याकडे बराकपूरच्या विमानतळावर शर्यती होत. सरळ पट्टी, टोकाला तीव्र वळण, पुन्हा सरळ पट्टी, असा तो प्रकार. बाजूला गवताचे भारे आणि त्यामागे माणसांचा समुद्र.

आणि मोटारी कोणत्या? येथेच आपल्या इतिहासाची खरी गंमत आहे आणि दुःखही. परवान्यांच्या त्या काळात देशात मोटारींच्या जाती तीनच म्हणाव्यात: उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, आणि आपल्या वालचंद हिराचंदांच्या मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होणारी फियाट. बाहेरून आणावी तर जबर जकात आणि परकीय चलनाची चणचण. त्यामुळे हौशी लोकांनी दोन वाटा काढल्या. ज्यांच्या खिशात पैसा होता ते परदेशात वापरून झालेली एकासनी मोटार विकत घेत. विजय मल्ल्या यांनी शोलावरमला जी एन्साइन चालवली, ती युरोपातील फॉर्म्युला वनमधून निवृत्त झालेली मोटार होती. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता पण हात होता, ते फियाटचे किंवा हेरल्डचे एंजिन काढून घरीच नळ्यांचा सांगाडा जोडत आणि त्यावर पत्रा चढवीत. अशा मोटारींना तेथे 'स्पेशल' म्हणत.

मला या दुसऱ्या वाटेबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे, हे कबूल करतो. आपल्याकडे काळी-पिवळी चालते ती याच विद्येवर. युद्धात अमेरिकेने तयार केलेली जीप मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली, आणि तिचे वंशज राजूर घाट चढून दररोज माणसे ने-आण करीत राहिले. त्यातला गिअरबॉक्स एकीकडचा, एंजिन दुसरीकडचे, आणि बोनेटला सुतळी! माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक मिस्त्री होते. एंजिनाच्या आवाजावरून ते सांगत, "तिसऱ्या नळकांड्यात दम नाही." दमयंतीच्या कानाची आठवण मला त्यांच्यामुळेच राहिली. शोलावरमच्या स्पेशल मोटारी बांधणारी माणसे याच जातीची होती.

पण या दोन वाटांची शर्यत एकाच धावपट्टीवर लागली, की निकाल आधीच ठरलेला असे. परदेशी एकासनी मोटारीपुढे फियाटचा स्पेशल काय टिकणार? जिंकला तो मोठा चालक होता की त्याची पिशवी जड होती, हे कळायला मार्ग नाही. १९७१ साली देशातील क्लबांचा एक महासंघ स्थापन झाला, नियम झाले, वर्ग पाडले गेले; तरी हा मूळ रोग गेला नाही.

त्यावर औषध शोधले कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी. हे स्वतः चालक, स्वतः घडवणारे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली होती. तिचे ७९६ घनसेंटीमीटरचे तीन नळकांड्यांचे एंजिन हलके, भरवशाचे, आणि त्याचे सुटे भाग हळूहळू गावोगाव मिळू लागले. करिवर्धन यांनी ते एंजिन घेऊन एकासनी सांगाडा बांधला आणि एकाच नमुन्याच्या अनेक मोटारी काढल्या. तिचे नाव फॉर्म्युला मारुती. आकड्यांत पाहिले तर ही मोटार जगाच्या मानाने अगदीच लहान. पण सगळ्यांकडे तीच. भारतात प्रथमच असे झाले की, पहिला आलेला मनुष्य आणि दुसरा आलेला मनुष्य यांतील फरक त्या दोन माणसांतच शोधावा लागला.

१९९० साली मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतीसाठीच बांधलेला मार्ग तयार झाला. तेथे नारायण कार्तिकेयन हा कोइम्बतूरचाच मुलगा फॉर्म्युला मारुतीमध्ये पहिल्यांदा शर्यतीला उतरला. पुढे तो इंग्लंडला गेला, १९९६ साली त्याने फॉर्म्युला एशियाचे विजेतेपद मिळवले, आणि २००५ साली मेलबर्न येथे फॉर्म्युला वनच्या रांगेत उभा राहिला. भारतीय म्हणून पहिला. करिवर्धन हे पाहायला नव्हते. १९९५ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला. कोइम्बतूरजवळ सुमारे २.१ किलोमीटरचा जो शर्यतमार्ग पुढे झाला, त्याला त्यांचे नाव आहे. त्यांच्या वाटेनेच एलजीबी या कोइम्बतूरच्या उद्योगाची फॉर्म्युला मोटार आली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, आणि एंजिन मारुतीच्याच एस्टीमचे, १३०० घनसेंटीमीटर. एस्टीम बाजारातून केव्हाच गेली. तिचे एंजिन मात्र या एकासनी सांगाड्यांत आजही शर्यत करीत आहे.

आता ज्या शर्यतमालेमुळे मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने तरुण चालकांसाठी एक शाळा काढावी तशी शर्यतमाला काढली. मोटार फ्रान्समधील मिगाल कारखान्याची, एंजिन बीएमडब्ल्यूच्याच मोटारसायकलचे, १२०० घनसेंटीमीटरच्या आतले, १४० अश्वशक्तीचे. कूपर बापलेकांची युक्तीच म्हणा, फक्त सांगाडा कार्बनच्या धाग्यांचा. या मोटारीचे नाव एफबी ०२. जर्मनीतील २००२ सालचे विजेतेपद निको रोझबर्गने मिळवले. २००४ साली सेबास्टियन फेटेल नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने वीसपैकी अठरा शर्यती जिंकल्या. आशियातही २००३ पासून अशीच माला सुरू झाली आणि २००६ साली ऑस्ट्रेलियाचा डॅनियल रिकार्डो तीत धावला. म्हणजे ही मोटार सामान्य नव्हे. हिच्या आसनावर पुढचे जगज्जेते बसून गेले आहेत.

पण युरोपात यंत्राचे तारुण्य फार थोडे असते. सात-आठ वर्षांत बीएमडब्ल्यूचा उत्साह ओसरला. आशियातील माला २०११ साली आपल्या जेके टायरने घेतली आणि तिला आपले नाव दिले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्गावर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. मुख्य शर्यतीच्या आधी त्याच मार्गावर या जुन्या एफबी ०२ मोटारींच्या शर्यती झाल्या. नंतर मुख्य शर्यत झाली आणि ती जिंकली कोणी? फेटेलने! ज्या जातीच्या मोटारीत त्याने सतराव्या वर्षी नाव काढले, तीच जात त्याच्या आधी त्याच डांबरावरून धावून गेली होती. एका कारखान्याच्या मोटारीने एवढा मोठा वर्तुळाकार प्रवास केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

२०१२ नंतर आशियाची माला थांबली. मग या मोटारी भारतात राष्ट्रीय शर्यतमालेसाठी वापरल्या जाऊ लागल्या. पुढे ती 'युरो जेके' या नावाने चालली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. मोटार चालकाच्या मालकीची नव्हे. त्याने शुल्क भरायचे, शिरस्त्राण घेऊन यायचे आणि दिलेल्या मोटारीत बसायचे. देखभाल एकाच ठिकाणी, एकाच पथकाकडे. त्यामुळे श्रीमंत बापाने मुलाला चांगले एंजिन विकत घेऊन द्यावे, ही सोयच उरली नाही. हैदराबादच्या अनिंदित रेड्डीने ही माला २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. २०१८ साली मुंबईचा नयन चॅटर्जी विजेता झाला. दहा-पंधरा वर्षांच्या मोटारीत, हे विसरू नका.

महाराष्ट्राचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० साली फॉर्म्युला टू या वर्गात शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक इंग्लंडातील फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. कोल्हापूरचे नाव ऐकून मला आश्चर्य वाटले नाही. जेथे कुस्तीचे आखाडे, जेथे एंजिनांचे ओतकाम आणि यंत्रशाळा, तेथे शर्यतीचे वेड रुजणारच. वऱ्हाडाकडे कापूस होता, जिनिंग-प्रेसिंग होते, खामगावची बाजारपेठ होती. परंतु लेथ आणि ओतशाळा यांची वस्ती आपल्याकडे तशी दाट झाली नाही. शर्यत हा हौसेचा प्रश्न वाटतो खरा, पण तिच्या खाली कारखाना असावा लागतो.

आता आक्षेपाकडे येऊ. काहीजण म्हणतात, परदेशाने ओवाळून टाकलेल्या मोटारी आणून त्यांवर राष्ट्रीय विजेतेपद खेळवणे हे स्वाभिमानाला शोभत नाही. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. स्वाभिमानाचा मुद्दा मी सोडून देतो; सिल्व्हरस्टोनला इटलीची जुनी मोटार चालली, तर आपल्याला का चालू नये? पण दुसरी बाजू अशी. एफबी ०२ चांगली मोटार होती, चालकाला तिने पुष्कळ शिकवले. मिस्त्रीला मात्र फार थोडे. कार्बनचा सांगाडा तुटला तर कोइम्बतूरच्या कारागिराने तो वितळवून पुन्हा जोडावा, असे करता येत नाही. सुटा भाग युरोपातून यायचा, आणि कारखान्याने तो काढणे थांबवले की मोटार संपली. त्याउलट एलजीबीची नळ्यांची मोटार पाहा. वेगात ती एफबी ०२ च्या आसपासही नाही. पण वाकलेली नळी कापून दुसरी जोडता येते, एंजिन जुन्या बाजारात मिळते, आणि म्हणून २०१८ नंतर एफबी ०२ ची माला मागे पडली तरी एलजीबीची माला चालू राहिली. नुसत्या वेगाचा विचार केला तर मी आयात मोटारीला मत देईन; देशात ही विद्या राहावी असे वाटत असेल तर करिवर्धनांच्या सांगाड्याला देईन. दोन्ही एकाच पुरुषाला साधले असते तर फार बरे झाले असते, पण त्याला आयुष्य कमी पडले.

खर्चाचाही खुलासा केला पाहिजे. मोटार सारखी झाली म्हणून संधी सारखी होत नाही. शर्यतीचे मार्ग मद्रास, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे. मेहकर किंवा मलकापूरच्या मुलाला नुसते तेथवर जाणे-येणे, राहणे, सराव, टायर, शुल्क हे सगळे परवडायचे कसे? त्याच्याआधी लहानपणी गो-कार्ट चालवण्याची चार-पाच वर्षे वेगळीच. जुन्या मोटारीने दरवाजा किंचित उघडला. तो सताड उघडा आहे असे मी सांगितले तर ती थाप होईल. खुद्द फॉर्म्युला वनही आपल्याकडे २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे टिकली. फेटेलने तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि ही क्रीडा की करमणूक, कर कोणता लावायचा, या वादात पुढचा पाट आटला.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मला आपल्या जिल्ह्यात बोलावासा वाटला, ती सांगतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो आपल्या मेहकरवरून, सिंदखेडराजावरून जातो. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला रस्ता प्रथमच आपल्या शेतांमधून गेला. आणि १ जुलै २०२३ च्या पहाटेच्या आधी सिंदखेडराजाजवळ एका प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसे गेली. त्या रात्रीनंतर या जिल्ह्यात वेगाविषयी हलकेपणाने बोलणे कोणालाच शक्य नाही.

शर्यतमार्गावरही माणसे मरतात. १९९४ साली इटलीतील इमोला येथे दोन दिवसांत रोलांट रात्सेनबर्गर आणि आयर्टन सेना असे दोघे गेले. २०२३ च्या जानेवारीत मद्रासच्या मार्गावर आपलाही एक मुरलेला चालक गेला. पण तेथे प्रत्येक मृत्यूची चौकशी होऊन यंत्रात आणि मार्गात काहीतरी बदलते. इमोलानंतर मोटारींचे, वळणांचे, भिंतींचे नियम बदलले. मानेला आधार देणारी पट्टी २००३ साली फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली आणि तेथून खालच्या वर्गांत उतरली. जुनी मोटार शर्यतीत ठेवायची म्हणजे दर वेळी ती तपासणीस उभी करावी लागते: पट्ट्यांची मुदत, अग्निशामक, टाकी, सांगाड्याचे तडे. तपासणीत नापास झाली तर ती उभीच राहते, मग चालक कोणाचाही मुलगा असो. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना हा नियम कागदावर लागू आहे. तो प्रत्यक्षात किती लागू आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

आपल्याकडच्या शंकरपटातही हीच उलथापालथ आपण पाहिली. हलका छकडा, दोन बैल, एकच धुरकरी, आणि सेकंदावर निकाल. एकासनी रथाचा आपला अवतार तो हाच. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले. जनावराच्या यातनेचा मुद्दा खोटा नव्हता; टोचण्या आणि चाबूक आपण सर्वांनी पाहिले आहेत. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. आता पटाला तपासणी आहे, नियम आहेत, अंतराला मर्यादा आहे. म्हणजे पटानेही आपले 'सूत्र' घेतले. एके काळी ज्याचे बैल त्याचा पट असे. आता निदान कागदावर तरी तसे राहिलेले नाही.

एक शेवटची माहिती देऊन मी बसतो. करिवर्धनांच्या नावाच्या त्या कोइम्बतूरच्या मार्गावर अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांची 'फॉर्म्युला भारत' नावाची स्पर्धा भरते. मुलांनी स्वतः आखलेली, स्वतः जोडलेली एकासनी मोटार घेऊन यायचे. परीक्षक नुसता वेग पाहत नाहीत. सांगाडा असाच का केला, खर्च किती आला, हे विचारतात, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम अडकतात की नाही याची चाचणी पास झाल्याशिवाय मोटार मार्गावर सोडीत नाहीत. बहुतेक मुले एंजिन मोटारसायकलचे घेतात, पुष्कळदा वापरलेले. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि बुलढाण्याच्या जुन्या बाजारात मोटारसायकलची एंजिने मिळतात, हे मी परवाच जाऊन पाहून आलो आहे.